सदतीस अंशांतलं तांबं

संस्थेत तिला दशांशताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठ फिरली की पूर्ण. हे नाव पडलं ते तिच्या मुलीच्या परीक्षेवरून. जिन्यात कुणीतरी विचारलं होतं, लेकीला किती मिळाले, आणि ती म्हणाली होती, "एक्क्याऐंशी पूर्णांक सहा." विचारणारा मोकळ्या मनाचा होता. "म्हणजे ब्याऐंशीच की," तो म्हणाला. "ब्याऐंशी मिळाले असते तर ब्याऐंशी म्हटलं असतं," असं सांगून ती पायऱ्या चढून गेली. त्या दिवसापासून ती दशांशताई. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं चिमटा काढला. तिला वाटलं, चला, निदान नाव तरी नेमकं ठेवलं.

काम होतं धातूच्या पट्टीतून वीज किती सहज जाते ते मोजण्याचं. सांगायला एक ओळ आणि करायला सव्वीस वर्षं. तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली, तिची खोली. खोलीत एक दगडी ओटा, त्यावर मीटर, आणि जुन्या रिलेमधल्या स्प्रिंगा काढून तिने स्वतः बनवलेला चार टोकांचा एक साचा. पट्टीवर चार टोकं टेकवायची. बाहेरची दोन टोकं वीज आत सोडतात आणि बाहेर काढतात. आतली दोन फक्त बघतात, मधल्या वाटेत विजेचा दाब किती पडला ते. बघणाऱ्यांनी वाहणाऱ्यांच्या कामात पडायचं नाही आणि वाहणाऱ्यांनी बघणाऱ्यांना वश करायचं नाही, एवढंच त्यातलं तत्त्व. संस्थेच्या इतर कोणत्याही विभागात ते लागू नव्हतं.

मोजायच्या आधी पट्टी बारीक कागदाने घासायची, स्पिरिटने पुसायची आणि अर्धा तास ओट्यावर नुसती ठेवून द्यायची. तुकडा खोलीत मुरला पाहिजे, असं ती म्हणे. मग वीज एका दिशेने सोडून दहा वाचनं, उलट्या दिशेने दहा. दोन वेगळे धातू टेकले की सांध्यात आपोआप थोडासा दाब तयार होतो आणि तो आकड्यात लुडबुड करतो. उलटसुलट मोजलं की ही लुडबुड वजा होते. एकाच माणसाला सरळ विचारायचं, मग उलट विचारायचं, आणि दोन्ही वेळा जे तेच राहील ते खरं धरायचं. आणि प्रत्येक वाचनाशेजारी वहीत खोलीचं तापमान. तांबं तापलं की वीज अडवू लागतं; एका अंशाला हजारात चार, असा साधारण हिशेब. हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्यामुळेच बहुधा मोठी माणसं ते विसरतात.

आकडा बाहेर द्यायची एक पद्धत होती. मोजणीच्या खोलीला एक छोटी खिडकी होती. संशोधकाने तिथून पट्टी द्यायची, तिने तिथूनच छापील चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर तीनच रकाने: तुकड्याचा क्रमांक, आकडा, सही. तापमानाला रकाना नव्हता, कारण चिठ्ठ्या छापल्या तेव्हा खोली बारमाही पंचवीस अंशांवर ठेवलेली असे. पुढे एसी बंद पडला. तिने दोन वर्षांत अकरा अर्ज केले. चिठ्ठ्या मात्र नऊ हजार छापून ठेवलेल्या, त्या संपेपर्यंत नव्या कुठून छापणार. म्हणून ती तापमान चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलने लिही. मागे लिहिलेलं कुणी वाचत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी लिही. सही आपली, तर पाठही आपली.

आता गोष्ट त्या तांब्याची.

प्रमुखसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी एक प्रकल्प आणला. तांब्याच्या भुकटीत कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळायच्या, गरम दाबाखाली त्याची वडी पाडायची आणि तिच्यातून शुद्ध तांब्याहून जास्त वीज नेऊन दाखवायची. या नळ्या केसाच्या पाच हजाराव्या हिश्शाइतक्या जाड. सुटी नळी घेतली तर ती तांब्याला लाजवील, असं पुस्तकं सांगतात, आणि पुस्तकं खोटं बोलत नाहीत. पण सुट्या माणसाच्या गुणांवरून संसाराचा अंदाज करू नये. तांबं कार्बनला धरत नाही. मेणावरून पाणी घरंगळावं तसं अंग चोरतं. नळ्या एकमेकींत गुंतून फणीतल्या गुंतवळीसारख्या गोळा होतात. दोघांच्या मध्ये फट राहते, आणि फटीतून वीज जात नाही. हे जमवणं हेच तर संशोधन होतं. पण साहेबांनी प्रकल्पाला नाव दिलं "तांब्यावर मात", आणि तेही पहिली भुकटी दळायच्या आधी.

प्रत्यक्ष दळण, दाब, कापणी हे सगळं एक संशोधक करी. वय छत्तीस, दोन मुलांचा बाप, प्रबंधाचं सहावं वर्ष. त्याला सगळे भावी डॉक्टर म्हणत, आणि या भावीतला भाव दरवर्षी थोडा खाली येत होता. माणूस कष्टाळू. पट्ट्या इतक्या सारख्या मापाच्या कापी की दशांशताईनेही कधी नाव ठेवलं नाही. घाई मात्र फार.

उन्हाळ्यात तो शुद्ध तांब्याच्या पट्ट्या घेऊन आला. तुलनेसाठी आधी तांबं मोजायचं होतं. गच्चीखालची खोली, एसी बंद, ओट्यावर हात ठेवला तर उचलावासा वाटावा. तिने मोजलं. पंचेचाळीस पूर्णांक सत्त्याऐंशी मायक्रो-ओहम अडथळा; हा आकडा जेवढा कमी, तेवढी वीज सहज जाते. चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने लिहिलं: सदतीस अंश.

साडेतीन महिन्यांनी संस्थेत पाहणी समिती येणार असं ठरलं. अकरा अर्जांनी जे झालं नव्हतं ते पाहुण्यांच्या एका पत्राने झालं. सकाळी जुना एसी उतरला, दुपारी नवा लागला, संध्याकाळी खोलीत शाल लागत होती. समिती आली, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचं तिच्या गुडघ्यांनी नाकारलं, आणि गेली. एसी राहिला. त्याच आठवड्यात भावी डॉक्टर नळ्या घातलेल्या पट्ट्या घेऊन खिडकीशी आला. त्रेचाळीस पूर्णांक शहाऐंशी. मागे पेन्सिलने: एकवीस अंश.

चिठ्ठी हातात देताना ती म्हणाली, "याच्यासोबत ते उन्हाळ्यातलं तांबं लावू नका. ते परत आणा, आज मोजते."

"ताई, तेच तर तांबं. ते काय बदलतंय."

"तांबं नाही बदलत. खोली बदलली."

"बरं बरं," असं म्हणत त्याने चिठ्ठी खिडकीच्या कडेवर ठेवली, मोबाइलने तिचा फोटो काढला, पुढच्या बाजूचा, ती खिशात कोंबली आणि जिन्याने धावतच गेला. त्याच्या मुलाला शाळेतून आणायची वेळ झाली होती. ती त्याच्यामागे हाक मारायला खिडकीतून वाकली आणि मग वाकलेली सरळ झाली. एकदा सांगितलं होतं. दोनदा सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि पुढे या एका गोष्टीसाठी तिने स्वतःला जेवढं फाडून खाल्लं तेवढं दुसऱ्या कुणालाही खाल्लं नाही.

महिन्याभराने जिन्याशेजारच्या फलकावर रंगीत कागद लागला: "तांब्यावर मात! नॅनोनळ्यांनी वीजवहन साडेचार टक्क्यांनी वाढले." खाली साहेबांचा फोटो, हातात पट्टी. शेजारी भावी डॉक्टर, निम्मा कापलेला. दशांशताई फलकासमोर उभी राहिली. आधी तिला राग आला तो साडेचारचा. तिच्या दोन आकड्यांवरून ते चार पूर्णांक सहा निघत होतं. म्हणजे थाप मारायची ती मारायची, तीही अंदाजपंचे. मग खरा राग आला. तो पायांतून वर येतो असं म्हणतात. तिला तो हातांत आला. हातांना काही काम हवं म्हणून तिने फलकाची काच सरकवून एक सुटलेली टाचणी नीट बसवली आणि साहेबांच्या खोलीकडे चालू लागली.

साहेब खुशीत होते. "या ताई. तुमचाही वाटा आहे बरं का यात."

"साहेब, तांबं सदतीसला मोजलंय आणि ही पट्टी एकवीसला. सोळा अंशांचा फरक आहे. तेवढ्यानेच सहा टक्के येतात. खरं बघितलं तर नळ्यांनी नुकसानच झालंय, थोडं."

साहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस दिसत नसे, आणि कठीण प्रसंगी ते तो हमखास काढत. "ताई, अहवालात स्पष्ट लिहिलंय, सर्व मापं खोलीच्या तापमानाला घेतली."

"खोलीच्याच तापमानाला घेतली. खोलीला काय, वर्षभर एकच तापमान असतं का?"

"तुमचं काम मोजणं. अर्थ लावणं आमचं. प्रत्येकाने आपापल्या जागी नेमकं असावं. तुम्हाला तर नेमकेपणाचं महत्त्व मी सांगायला नको."

ती परत आली आणि त्या दिवशी तिने सात पट्ट्या मोजल्या. सातही वाचनं चोख. रागाने हात थरथरतो म्हणतात. तिचा राग थरथरणाऱ्यांतला नव्हता.

पुढचे दोन महिने सत्कारांचे गेले. मग एका केबल कारखान्याचं पत्र आलं. त्यांनी प्रकल्पाला मदत केली होती, नमुने मागवून घेतले होते आणि आपल्या तपासणी विभागात वीस अंशांवर, शुद्ध तांब्याच्या पट्टीशेजारी ठेवून मोजले होते. पत्र तीन ओळींचं होतं. तुमची पट्टी तांब्यापेक्षा सरस नाही, किंचित कमीच आहे. कृपया खुलासा करावा.

चार दिवसांत संस्थेने चौकशी केली. चौकशी कशी झाली ते कुणाला कळलं नाही. निष्कर्ष मात्र टाइप होऊन आला. साहेबांनी तो दशांशताईपुढे सरकवला. "मोजणी विभागातील मानवी त्रुटीमुळे आकड्यांत तफावत निर्माण झाली. यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल." खाली तिचं पद, वर सहीची मोकळी जागा.

"मानवी म्हणजे कोण?" तिने विचारलं.

"ती नुसती भाषा असते हो. तुम्हाला निवृत्तीला राहिलेत चौदा महिने. तुमच्यावर काही येणार नाही याची हमी माझी. कागद फाइलला लागला की विषय संपला."

खुर्चीत अवघडून बसलेला भावी डॉक्टर खिडकीबाहेर बघत होता. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

"दोन दिवस द्या," ती म्हणाली.

दोन दिवस तिने मागितले ते विचार करायला नव्हे. तिथे बोलली असती तर काहीबाही बोलली असती, म्हणून. विचार झालेलाच होता. त्या कागदावर सही केली की चुकणार होती ती फक्त ही एक पट्टी नव्हे. सव्वीस वर्षांत त्या खिडकीतून जे जे बाहेर गेलं, कुणाचे प्रबंध, कुणाच्या तारा, कुणाच्या यंत्रांचे संपर्कबिंदू, त्या प्रत्येक आकड्यामागे आता कुणीही म्हणू शकणार होतं, हा त्याच खोलीतला ना. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मोठं पद नव्हतं, निबंधावर नाव नव्हतं. आभाराच्या यादीतसुद्धा तिचा उल्लेख "तांत्रिक साहाय्य" असा होई, म्हणजे यंत्राच्या खाली आणि विजेच्या वर. होती ती एवढीच गोष्ट, की तिचा आकडा कुणी परत मोजत नसे.

नवरा मोटारींचं वाइंडिंग करी. रस्त्यालगत दुकान, वर घर. ती आली तेव्हा तो एका पंपाच्या जळालेल्या मोटारीतून काळी पडलेली तार उपसत होता. तिने कागद त्याच्यासमोर धरला. हात बरबटलेले म्हणून त्याने मान वाकवून वाचला.

"चुकलीस का तू?"

"नाही."

"मग सही कशाला मागतात?"

"त्यांचं चुकलंय म्हणून. सदतीसचं तांबं एकवीसच्या पट्टीशी जुळवलंय."

त्याने उपसलेली तार बाजूला टाकली. मग म्हणाला, "अगं, मोटार तापली की रेझिस्टन्स वाढतो, हे तर मी रोज बघतो. आत थर्मामीटर घालता येत नाही, म्हणून गार असताना मोजतो, चालवून मोजतो, आणि त्या फरकावरूनच आत किती तापली ते सांगतो. गिऱ्हाइकालासुद्धा कळतं. तुमच्याकडे किती डॉक्टर आहेत?"

"सतरा. अठरावे होऊ घातलेत."

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं की. अहवालाआधी, खिडकीत. एकदा."

"एकदाच?"

हा प्रश्न त्याने सहज विचारला होता, आणि तो बरोबर होता, म्हणून ती त्याच्यावर असली भडकली की शेजारच्या दुकानदाराने रेडिओचा आवाज कमी केला. तुमची तार तुटली की तुम्ही गाठ मारता, माझ्या कामात गाठ मारता येत नाही. मी कारकून आहे का दहादा स्मरणपत्रं पाठवायला. आणि अहो, निदान हात तरी पुसा, कागदाला लागेल. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. वाइंडिंगवाल्याला धीर असावा लागतो. एक वेढा चुकला तर पहिल्यापासून.

वरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना निम्मं ऐकू येई, पण नेमकं हवं ते निम्मं. "सही करू नकोस गं. मी आयुष्यात एकदाच न वाचता सही केली. पंचावन्न वर्षं निस्तरतेय."

"मी वाचलंय, आई," ती वर बघून म्हणाली. "वाचलंय म्हणूनच तर."

तिसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. "सही करायला तयार आहे. एकच अट. कारखान्याचा माणूस बोलवा. त्याच्यासमोर दोन्ही पट्ट्या मोजते. चूक माझी निघाली तर तिथल्या तिथे सही."

साहेबांना कल्पना आवडली. पारदर्शकता दिसेल, कारखान्याचंही समाधान होईल. मुख्य म्हणजे चूक तिचीच निघणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. चौकशीचा निष्कर्ष त्यांनी स्वतःच लिहिला असला, तरी टाइप होऊन आल्यावर त्यांचा त्यावर विश्वास बसला होता.

कारखान्याचा इंजिनिअर आला. बुटका, सर्दी झालेला, खांद्यावर पिशवी. खोलीत आल्याआल्या त्याने पिशवीतून आपला थर्मामीटर काढून ओट्यावर ठेवला आणि मग नमस्कार केला. दशांशताईने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

एसी चालू. एकवीस अंश. तिने दोन्ही पट्ट्या घासल्या, पुसल्या, ओट्यावर ठेवल्या आणि हाताची घडी घालून बसली.

"आता काय?" साहेब म्हणाले.

"आता अर्धा तास."

"मोजा की. आमच्याकडे वेळ कमी आहे."

"वेळ नव्हता म्हणूनच आज इतका वेळ द्यावा लागतोय," ती म्हणाली. इंजिनिअरला शिंक आली. किंवा त्याने ती आणली.

अर्ध्या तासाने मोजणी झाली. तांबं: त्रेचाळीस पूर्णांक सतरा. नळ्यांची पट्टी: त्रेचाळीस पूर्णांक शहाऐंशी. अडथळा नळ्यांच्या पट्टीत जास्त. भावी डॉक्टरने दुसरा आकडा ऐकला आणि मोबाइलमधला फोटो काढून पाहिला. तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत. आपल्या पट्टीचं माप चुकलेलं नाही हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि मग काय चुकलंय हेही कळलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. तिने बघितला.

"म्हणजे आमचीच मापं बरोबर," इंजिनिअर म्हणाला. "मग ते पंचेचाळीस कुठून आलं?"

"दाखवते." तिने एसी बंद केला, खिडक्या लावल्या आणि कोपऱ्यातले दोन हीटर ओढून पेटवले. "सदतीसला यायला दीड तास लागेल."

"आम्ही खाली थांबतो," साहेब उठत म्हणाले.

"नको," इंजिनिअर म्हणाला. "मोजणी बघायला आलोय, इथेच बसू. माझ्या सर्दीला बरंच आहे."

पाहुणाच बसला म्हटल्यावर साहेबांना बसावं लागलं. अंगात कोट होता. अठ्ठावीसला त्यांनी रुमाल काढला, एकतीसला कोट, चौतीसला चष्मा. पण या वेळी चष्मा वाफेने धुरकटला होता म्हणून. दशांशताई सरळ बसली होती. दोन उन्हाळे या उकाड्यात तिने आठ-आठ तास काढले होते. कोण किती घामाघूम झालं हे ती बघत नव्हती असं म्हणणं खोटं होईल.

सदतीस अंशांवर तांबं: पंचेचाळीस पूर्णांक सत्त्याऐंशी. तिने वही उघडून उन्हाळ्याचं पान इंजिनिअरपुढे धरलं. तोच आकडा, शेजारी तेच तापमान. मग भावी डॉक्टरकडे वळून म्हणाली, "तुमच्या खणातल्या दोन चिठ्ठ्या आणा. उलट्या करून वाचा."

तो गेला, घेऊन आला, उलट्या केल्या, वाचल्या. "सदतीस," तो म्हणाला. मग, "एकवीस." दुसरी चिठ्ठी त्याने थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

"चला, उलगडा झाला," साहेब कपाळ पुसत म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा ताजा झाला होता. घामातून ते सगळ्यांत आधी वर आले. त्यांनी टाइप केलेला कागद मागवला आणि पेनने दुरुस्ती केली. "मोजणी विभागातील मानवी त्रुटीमुळे" याच्यावर रेघ, आणि वर: "वातानुकूलन यंत्रणेतील बिघाडामुळे". "घ्या ताई. आता तर तुमचं नावसुद्धा नाही. सोन्यासारखा मार्ग निघाला."

तिने कागद वाचला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं आणि वांगं भिंतीवर टांगलेलं होतं.

"एसीत बिघाड नव्हता," ती म्हणाली. "लागल्या दिवसापासून चालतोय. बिघाड जुन्यात होता, आणि तेव्हा मी अकरा अर्ज दिले होते. आणि बिघडला तरी खोली गरम होते, साहेब. अहवाल खोटा होत नाही."

"ताई, शब्दांत काय आहे. कुणाचं नुकसान होतंय? यंत्र तर तक्रार करणार नाही."

"मीही करणार नाही, असं धरूनच तर आधीचा कागद लिहिला होतात."

"संस्थेच्या इभ्रतीचा विचार करा."

"इभ्रत मोजायचं यंत्र या खोलीत नाही."

हे ती मोठ्याने बोलली नाही. आवाज चढवावा लागू नये एवढा तो राग आता पिकला होता. तिने दुरुस्त केलेला मजकूर पूर्ण खोडला आणि खाली, चिठ्ठ्यांवर लिही तशा अक्षरात, लिहिलं: "दोन्ही मापे बरोबर होती. तुलना चुकीची होती. तुलना मी केलेली नाही. सांगूनही ती दुरुस्त झाली नाही. अहवालाआधी मी एकदाच सांगितले, पुन्हा सांगायला हवे होते." मग सही केली. शेवटचं वाक्य लिहिताना ती थांबली होती, आणि तेच वाक्य साहेबांना समजलं नाही. आपली चूक कुणी न मागता लिहून देतं, हा प्रकार त्यांच्या पाहण्यात नव्हता.

"हा कागद फाइलला लावता येणार नाही," ते म्हणाले.

"माझ्या फाइलला लागतो," इंजिनिअर म्हणाला, आणि त्याने फोटो काढला. मग कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. ती कोरी होती. तरी त्याने तिचाही फोटो काढला.

फलकावरचा रंगीत कागद कुणी काढला नाही. त्याच्यावर पाण्याची टाकी धुण्याची सूचना लागली, आणि तसा तो गेला. अहवाल मागे घ्यावा लागला. प्रबंधातली तुलनेची सगळी प्रकरणं पुन्हा मोजायची ठरली. सहा रचना, प्रत्येकीत नळ्यांचं प्रमाण वेगळं, प्रत्येकीच्या दहा पट्ट्या, सगळ्या एकाच तापमानाला.

जिन्यात भावी डॉक्टरने तिला गाठलं. "ताई, माझं वर्ष गेलं. तुम्ही कागदावर ते लिहिलं नसतं तर निभावलं असतं."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं."

"माझं नसतं निभावलं. आणि मला धरून सगळे होतात का नाही, ते आधी ठरवा."

"मला दोन मुलं आहेत हो."

"माहीत आहे. त्यांना आणायलाच तर धावला होतात. ते मी त्या कागदावर लिहिलेलं नाही." ती दोन पायऱ्या चढली आणि थांबली. "उद्या नऊला या. सकाळी खोली लवकर स्थिरावते. आणि येताना साठ पट्ट्या एकदम आणू नका, दहा आणा."

तो नऊला आला. मग रोज येऊ लागला. खिडकीतून नव्हे, आत. तिने त्याला शेजारी स्टुलावर बसवलं आणि वही त्याच्याकडे दिली. ती आकडा सांगणार, त्याने लिहायचं, आधी तापमान आणि मग बाकीचं. समेट वगैरे झाला नव्हता. ती त्याच्याशी कामापुरतं बोले, आणि काम फार असल्यामुळे बरंच बोले. राग गेला नव्हता. तो जावा असं काही घडलंही नव्हतं. साहेबांना त्याच महिन्यात दुसऱ्या एका समितीवर घेतलं होतं, विषय होता मोजमापांची विश्वासार्हता.

सहाव्या आठवड्यात शेवटची रचना आली. तीच, फलकावरची. दहा पट्ट्यांची दहा-दहा वाचनं, सरळ आणि उलटी. त्याने सरासरी काढली, तांब्याशी ताडून पाहिली, आणि पेन कागदावर टेकवून बसला.

"काय आलं?"

"एक पूर्णांक सहा."

"अधिक का उणे?"

"उणे."

"मग लिहा."

त्याने लिहिलं. तिने वही आपल्याकडे वळवून घेतली. एक, टिंब, सहा, हे ठळक होतं. त्याच्या आधीची रेघ इतकी पुसट, की कागदाचीच एखादी शीर वाटावी. कुणी घाईत फोटो काढला तर ती येणार नव्हती.

तिने वही परत त्याच्यासमोर सरकवली.

"दिसेल अशी काढा," ती म्हणाली, आणि तो काढेपर्यंत बघत बसली.